खासगी हायस्कूलची फी भरताना या चुका टाळा

मार्चच्या शेवटी निफाडचा द्राक्ष बागायतदार आणि सातपूरच्या कंपनीतला ऑपरेटर नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एकाच शाळेच्या खिडकीवर उभे असतात. फी दोघांना सारखीच. बागायतदाराचा माल नुकताच गेलाय, व्यापाऱ्याचा चेक वटला असेल तर आत्ता त्याच्याकडे पैसा आहे. पण ऑक्टोबरच्या हप्त्याला तोच माणूस छाटणी, मजूर आणि औषधांत अडकलेला असणार. ऑपरेटरचं उलटं. मार्चमध्ये नुसता पगार, बोनस दिवाळीला. दोघंही घरून वर्षाच्या फीला बाराने भागून निघालेले असतात आणि दोघांचाही हिशेब चुकतो. फी थकते त्या कितीतरी घरांत वर्षभराचा पैसा पुरेसा असतो, महिना जुळत नाही.

हप्त्यांच्या तारखा न विचारता प्रवेश घेणं

सीबीएसई आणि आयसीएसईच्या शाळांचं वर्ष साधारण एप्रिलला सुरू होतं, राज्य मंडळाच्या शाळांचं जूनमध्ये. राज्य मंडळातून या मंडळांत जाताना पहिला हप्ता दोन-अडीच महिने अलीकडे येतो, हेच कित्येकांच्या लक्षात येत नाही. हप्ते किती, कोणत्या तारखेला, उशीर झाला तर दंड किती, हे प्रवेशाआधी लेखी घ्या. त्याच कागदावर शेजारी आपल्या घरात पैसा कोणत्या महिन्यात येतो ते लिहा. जुळत नसेल तर तारीख बदलून मागायची वेळ हीच. जागा भरायच्या असतात तेव्हा शाळा साध्या अर्जावरही ऐकते. एकदा प्रवेश झाला की तोच अर्ज टेबलाच्या खणात पडून राहतो.

उन्हाळ कांदा चाळीत ठेवणाऱ्यांनी हे जास्तच सांभाळावं. लासलगावला भाव चढायची वाट बघत बसलेला माणूस फीसाठी आठ दिवस आधी कांदा काढतो, तेव्हा मुलाच्या शिक्षणाचा खर्च फीच्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त झालेला असतो.

पगारदारांसाठी बँकेची सहा किंवा नऊ महिन्यांची आरडी, म्हणजे आवर्ती ठेव, पुरते. हप्त्याच्या आठवडाभर आधी ती पूर्ण होईल असं बघा. फीचे पैसे भिशीत गुंतवू नका, तुमचा नंबर कधी लागेल ते शाळेला कोण सांगणार? पतसंस्थेत चार पैसे जास्त व्याज मिळतं म्हणून फीची रक्कम तिथे ठेवणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की ठेवीदाराला मिळणारं ५ लाखांपर्यंतचं ठेव विमा संरक्षण बँकांतल्या ठेवींना आहे, पतसंस्थांतल्या नाही. वर्षभराची फी ठेवायची ही जागा नव्हे.

'नो-कॉस्ट ईएमआय' म्हणजे फुकट, असं धरणं

हल्ली शाळेतच टेबल टाकून एखाद्या वित्त कंपनीचा माणूस बसलेला असतो. मोबाईलवर चार ठिकाणी बोट टेकवलं की काम झालं. फी ९६,००० असेल तर महिना ८,०००, व्याज नाही. पण प्रक्रिया शुल्क २ टक्के धरा, म्हणजे १,९२०. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून झाले २,२६६. शाळा एकरकमी फीला ५ टक्के सूट देत असेल तर तुमचे ४,८०० तिकडे गेले. बिनखर्चाची सोय सात हजारांच्या घरात पडली! आकडे शाळेगणिक बदलतील, हिशेब करायची पद्धत हीच.

याहून महत्त्वाचं म्हणजे हे कर्ज आहे आणि ते पालकाच्या नावावर आहे. कंपनी शाळेला पैसे देऊन मोकळी होते. सहा महिन्यांनी तुमची पुण्याला बदली झाली आणि मुलाला शाळेतून काढलं, तरी हप्ते चालूच राहतात. फीचा परतावा मिळतो की नाही हा तुमचा आणि शाळेचा वेगळा वाद. हप्ता चुकला की सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीचा गुण, घसरतो, मग घराच्या कर्जाला बँक नाक मुरडते. म्हणून सही करण्याआधी 'मूल मध्येच शाळेतून काढलं तर काय?' हा एकच प्रश्न विचारा आणि उत्तर कागदावर घ्या.

आणखी एक गैरसमज. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची आयकर सवलत बारावीनंतरच्या शिक्षणालाच आहे. शाळेच्या फीसाठी काढलेल्या कर्जाला ती लागू होत नाही, मग टेबलावरचा माणूस काहीही सांगो.

आठवीच्या फीवर दहावीचा अंदाज बांधणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. आठवीतून नववीत जाताना शाळेच्या फीचा स्लॅब बदलतो, प्रयोगशाळेची फी लागते, बोर्डाची नोंदणी येते आणि घरात कोणीतरी क्लासचा विषय काढतं. घरात नववीचं मूल असलं की कॉलेज रोडच्या क्लासच्या पाट्या आपोआप दिसू लागतात. त्यामुळे हिशेब मांडायचा तो नववी-दहावीचा एकत्र. सीबीएसईत बोर्डाची नोंदणी नववीत होते, दहावीत शाळा बदलायची तर पालकाच्या बदलीसारखं ठोस कारण आणि बोर्डाची मान्यता लागते. 'एक वर्ष बघू, नाही झेपलं तर काढू' हा बेत नववीच्या प्रवेशाआधी ठीक, नंतर नाही.

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के जागांवर शिकणाऱ्या मुलांच्या घरी तर हे आणखी अंगावर येतं. २००९च्या कायद्याने मोफत शिक्षण मिळतं ते आठवीपर्यंत. नववीत तेच मूल, तोच वर्ग, आणि फी पूर्ण. ज्या घराचं वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत म्हणून प्रवेश मिळाला, त्या घराने ही रक्कम अचानक कुठून आणायची? म्हणून सातवीतच शाळेला भेटा, नववीसाठी सवलत मिळेल का ते विचारा आणि सोबत जवळच्या अनुदानित शाळेची चौकशी करून ठेवा. मराठा विद्या प्रसारक समाजासारख्या जुन्या संस्थांच्या अनुदानित शाळा शहरात आणि तालुक्यांतही आहेत. तिकडे गेलं की मूल मागे पडतं, हा समज मला तरी पटत नाही.

याच्या उलट घडणारा प्रकारही आहे. अनुदानित किंवा महापालिकेच्या शाळेतलं मूल आठवीत एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा पास होतं. आनंदाच्या भरात पालक नववीला त्याला मोठ्या खासगी शाळेत घालतात आणि शिष्यवृत्ती गमावतात. वर्षाला १२,००० याप्रमाणे नववी ते बारावी मिळणारी ही रक्कम सरकारी, अनुदानित आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या मुलांसाठीच आहे. चार वर्षांचे ४८,००० सोडायचेच असतील तर निदान माहीत असून सोडा.

मुलीच्या सुकन्या समृद्धी खात्यावर भिस्त ठेवणाऱ्यांनीही नियम वाचावा. शिक्षणासाठी त्यातून पैसे निघतात ते मुलगी दहावी पास झाल्यावर किंवा १८ वर्षांची झाल्यावर, आणि तेही आधीच्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत. अकरावीला चालेल, नववीला नाही.

निवासी शाळेचा विचार असेल तर देवळालीची बार्न्स असो की भोसला मिलिटरी स्कूल, छापील फीखेरीज गणवेशाचे संच, धुलाई, हातखर्च, सुट्ट्यांची ने-आण हे सगळं तिथे आधीपासून शिकणाऱ्या मुलाच्या पालकांना विचारा. माहितीपत्रकात हे सापडेलच असं नाही.

पावती न बघता खिशात घालणं

पावतीवर शिक्षण शुल्क वेगळं दाखवलेलं असावं. आयकराच्या जुन्या करप्रणालीत, ज्याला सगळे ८०सी म्हणतात त्या वजावटीच्या दीड लाखाच्या मर्यादेत, दोन मुलांचं फक्त शिक्षण शुल्क धरलं जातं. बस, विकास निधी, देणगी यांची वजावट नाही. आई-वडील दोघंही कर भरत असतील तर ज्याने फी भरली त्याने दाखवायची. एप्रिलची फी मार्चमध्ये भरली तर ती सरत्या आर्थिक वर्षात जाते, हेही सोयीचं पडू शकतं. नव्या करप्रणालीत ही वजावटच नाही.

पावती मिळत नसलेली रक्कम देऊ नका. प्रवेशासाठी देणगी उकळण्यावर महाराष्ट्रात १९८७पासून कायद्याने बंदी आहे.

फी वाढली की फक्त व्हॉट्सॲप ग्रुपवर चिडणं

राज्याचा शुल्क विनियमन कायदा २०११चा आहे आणि तो कोणत्याही बोर्डाच्या खासगी शाळेला लागू होतो. वर्ष सुरू झाल्यावर ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ व्हायला हवा, त्याची कार्यकारी समिती सोडत काढून निवडली जाते, आणि शाळेला पुढच्या वर्षाचा फीचा प्रस्ताव सहा महिने आधी त्या समितीसमोर ठेवावा लागतो. म्हणजे जूनच्या फीचं भांडण आदल्या डिसेंबरातच व्हायला हवं, एप्रिलच्या शाळेचं त्याच्याही आधी. ठरलेली फी दोन वर्षं तशीच राहते. सोडतीत नाव आलेले पालक 'वेळ नाही' म्हणून बैठकीला जात नाहीत आणि कोऱ्या इतिवृत्तावर सही करून येतात. मग जूनमध्ये ओरडायचं कोणाच्या नावाने?

एकट्या पालकाच्या तक्रारीला विभागीय शुल्क नियामक समितीसमोर फारसं वजन नाही. कायद्यातल्या दुरुस्तीनंतर किमान २५ टक्के पालकांनी मिळून तिथे जावं लागतं. त्यामुळे आधी सह्या गोळा करा.

फी थकलीच तर

शाळेचे फोन टाळू नका. मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज द्या, त्यात किती रक्कम कोणत्या तारखेला देणार ते लिहा आणि प्रतीवर शिक्का घ्या. जमेल तेवढी रक्कम त्याच दिवशी भरा. सोनेतारण घ्यायचं असेल तर बँकेतून, आणि ज्या महिन्यात पैसा येणार त्या महिन्याला परतफेड बांधून. फीसाठी शाळा सोडल्याचा दाखला अडवला तर आठवीपर्यंतच्या मुलाला शिक्षण हक्क कायद्याचं संरक्षण आहे. दाखल्याला उशीर झाला म्हणून दुसरी सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. नववी-दहावीत अर्जाची शिक्का मारलेली प्रत घेऊन जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा.

दहावीनंतर दाखला घ्यायला जाल तेव्हा प्रवेशाच्या वेळी भरलेलं डिपॉझिट मागा. मूळ पावती लागते.