पंपाच्या पोटातलं रबर

खानापूरला माझ्या मावशीचं जुनं घर आहे. चिऱ्याच्या भिंती, वरून चुन्याचा गिलावा. भिंती धुऊन द्यायच्या या धंद्यातलं माझं पहिलं काम तेच, तेही फुकटातलं. हप्त्यावर प्रेशर वॉशर घेतलेलं, डब्यावर 130 बार छापलेलं, आणि मला वाटत होतं की जग जिंकलं. अर्ध्या तासात शेवाळ गेलं. त्याच्याबरोबर कोपऱ्यातला हातभर गिलावाही गेला. मावशी पदर तोंडाला लावून बघत होती. म्हणाली, "काळं गेलं रे बाळा, पण आत चिरा दिसायला लागला की!"

जोराच्या पाण्यानं घाण निघते, पण बुरशीची मुळं छिद्रात तशीच राहतात. पुढच्या पावसात भिंत पुन्हा काळी. म्हणून कमी दाबानं औषध, म्हणजे हायपो (पाण्यात पातळ केलेलं सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीनचं ब्लीच) मारायचं, दहा-पंधरा मिनिटं भिजत ठेवायचं आणि साध्या पाण्यानं उतरवायचं. हे तुम्हाला माहीत असणारच, नाहीतर तुम्ही हे वाचत बसला नसता. दाब चार ते सात बार पुरे. काम औषध करतं, पंपानं ते फक्त भिंतीपर्यंत पोचवायचं. तीस फूट उंचीला पाण्याच्या वजनातच साधारण एक बार जातो, पाइपात थोडा आणखी. तरी तीन मजल्यांपर्यंत अडचण येत नाही.

आता मी जिथं बुडालो ते सांगतो. जरा लांबेल, पण हे कुणी मला आधी सांगितलं असतं तर माझे वीसेक हजार वाचले असते.

नऊ वर्षं मी बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यात, लेथवर होतो. पंपाचे भाग हातानं टर्न केलेला माणूस मी, तरी पंप घेताना फक्त दोनच आकडे बघितले: दाब किती आणि मिनिटाला लिटर किती. वॉशर विकून आधी शेतीच्या दुकानातून औषध मारायचा बॅटरीवाला पंप आणला, सोळा लिटरचा, पाठीवरचा. दुकानदाराला विचारलं, हायपो चालेल काय? तो म्हणाला, "एनू आगल्ल." काही होत नाही! डब्यावरही लिहिलं होतं, केमिकलला टिकतो. अकराव्या दिवशी त्याचे वायसर फुगून मऊ झाले, चघळलेल्या च्युइंगमसारखे. मी म्हटलं, स्वस्तातला होता, जाऊ दे. मग 12 व्होल्टचा डायफ्राम पंप (आतला लवचीक पडदा हलून पाणी ढकलणारा) घेतला, मिनिटाला एकोणीस लिटरचा, चांगला जड. दुकान दुसरं, उत्तर तेच.

टिळकवाडीत तीन मजली घराचं काम होतं. नोव्हेंबरचं ऊन, दुपारचे बारा, पश्चिमेची अख्खी भिंत औषधानं ओली केलेली, आणि पंप गपकन बंद. मोटर फिरत होती, पाणी चढत नव्हतं. नळाचं पाणी त्या दिवशी नव्हतं, टाकीतलं पाणी चढवायला तोच पंप. बादल्या घेऊन गच्चीवर धावलो, पण तोवर औषध भिंतीवर वाळलं, ॲल्युमिनियमच्या खिडक्यांवर पांढरे डाग पडले, आणि पंपातून शेवटी जे शिंतोडे उडाले होते त्यांचे तांबूस ओघळ पॅरापेटखाली उमटले. मालकानं पैसे दिले नाहीत. चूक त्यांची नव्हती.

रात्री पंप उघडला. डायफ्राम ठणठणीत, पण व्हॉल्व्हची रबरं चिरलेली आणि छोट्या स्प्रिंगा गंजून तुटलेल्या. ते तांबूस ओघळ त्या स्प्रिंगांचे.

तर पंपाच्या पोटात तीन गोष्टी औषधाला शिवतात: बॉडी, रबर, स्प्रिंग. बॉडी प्लास्टिकची असते, ती बहुतेक टिकते. घात करतात बाकीच्या दोन. रबर नायट्राइल जातीचं असेल तर हायपो त्याला खातं. व्हायटॉन जातीचं रबर टिकतं, ईपीडीएम जातीचंही टिकतं. पण औषधात संत्र्याच्या सालीच्या तेलाचा साबण किंवा कुठलंही खनिज तेल घातलंत तर ईपीडीएम फुगतं. आणि तोच पंप कडक कॉस्टिक सोड्याला वापरलात तर साधं व्हायटॉन कमजोर होतं. सगळ्याला चालणारं रबर नसतं, पंप कशासाठी हे आधी ठरवा. दुकानात विचारायचं ते असं: "डायफ्राम कशाचा, व्हॉल्व्ह कशाचा, ओ-रिंग (सांध्यातली गोल रबरी कडी) कशाची?" तीन वेगळे प्रश्न. मला "व्हायटॉनचा पंप आहे" असं सांगून विकलेल्या एका पंपात डायफ्रामच तेवढा टिकाऊ होता, व्हॉल्व्ह साधेच. दुकानदार खोटं बोलला असं नाही, त्यालाही माहीत नव्हतं.

रंगावर जाऊ नका. व्हायटॉन तपकिरी असतं, हिरवंही असतं आणि काळंही असतं. वर्कशॉपमधले दोस्त म्हणतील, जाळून बघ. अजिबात जाळू नका, व्हायटॉनचा धूर विषारी असतो. मी दोन उपाय करतो. पहिला वजनाचा. एकाच मापाच्या दोन ओ-रिंग शहापुरातल्या ओळखीच्या सराफाच्या काट्यावर ठेवायच्या. व्हायटॉनची नायट्राइलपेक्षा साधारण दीडपट भरते. सराफ हसतो, हसू दे. दुसरा उपाय पक्का: पंपाबरोबर मिळणारा सुटा व्हॉल्व्ह-संच हायपोच्या बाटलीत आठ दिवस बुडवून ठेवायचा, आधी आणि नंतर व्हर्नियरनं मोजायचं. माप वाढलं, चिकट झालं किंवा बोटाला काळं लागलं, तर तो पंप शेतावरच बरा. बाटलीचं झाकण मात्र ढिलं ठेवा, आत वायू होतो.

स्प्रिंगचं वेगळं आहे. लोहचुंबक लावून "चिकटत नाही, म्हणजे भारी स्टील" म्हणणारे उस्ताद आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. 304 जातीच्या स्टेनलेस स्टीलच्या नट-बोल्टाला चुंबक लागत नाही किंवा जेमतेम लागतं, तरी क्लोरीनच्या औषधात त्याला खड्डे पडतात. 316 जरा जास्त दिवस काढतं, एवढंच. चांगल्या पंपांत हॅस्टेलॉय (निकेलचा मिश्रधातू) किंवा टायटॅनियमच्या स्प्रिंगा येतात. पितळेचं नोझल आणि पितळेचा कॉक तर बघताक्षणी काढून टाका, प्लास्टिकचे बसवा. अथणीकडचे द्राक्षवाले पाहुणे एचटीपी पंप (बागेत जोरात फवारायचा) देऊ करतील, प्रेमानं. त्याचं डोकं पितळेचं आणि दाब आपल्याला नको तेवढा. नमस्कार करून परत द्या. शिवाय दुसऱ्याच्या पंपात तणनाशकाचा अंश राहिलेला असू शकतो, आणि तो कुणाच्या तरी गुलाबावर जातो.

घाबरू नका हं. एवढं सगळं पहिल्या दिवशी लागत नाही. पहिल्या हंगामाला एक नीट पंप, एक जास्तीचा व्हॉल्व्ह-संच खिशात, शंभर फूट नायलॉनच्या जाळीचा पीव्हीसी पाइप, दोन-तीन प्लास्टिकची पंख्यासारखी फवारणारी नोझलं आणि दोन पिंपं. एक पिंप औषधाचं, दुसरं साध्या पाण्याचं, कायम भरलेलं. टिळकवाडीचा तो दिवस दुसऱ्या पिंपानं आणि खिशातल्या संचानं निभावला असता.

वायरवर एक शब्द, कारण इथं हुशार माणसंही चुकतात. 12 व्होल्टचा पंप दहा अँपिअर सहज ओढतो. बॅटरी टेम्पोत आणि पंप दहा मीटर लांब ठेवून अडीच स्क्वेअर मिलिमीटरची वायर टाकलीत, तर जाऊन-येऊन जवळजवळ दीड व्होल्ट वायरीतच मरतो. पंप दमल्यासारखा चालतो आणि आपण रबराला शिव्या देतो. पंप बॅटरीजवळ ठेवा, पाइप लांब करा. थेट घरच्या 230 व्होल्टवर चालणारा पंप ओल्या अंगणात मी वापरत नाही, कुणी कितीही स्वस्त दिला तरी.

औषधाचं थोडक्यात. दहा टक्क्यांचं हायपो एक भाग आणि पाणी चार भाग, म्हणजे दोन टक्के. खानापूर-जांबोटीकडच्या हिरव्यागार भिंतींनाही बहुतेक एवढंच पुरतं. रंग दिलेल्या भिंतीवर आधी कोपऱ्यात हातभर जागा करून बघा. कॅन उन्हात ठेवलात तर महिन्याभरात निम्मं पाणीच विकत घेतल्यासारखं होतं, म्हणून सावलीत ठेवा आणि लागेल तेवढंच आणा. आणि दुकानात नुसतं "हायपो" मागू नका, सोडियम हायपोक्लोराइट म्हणा. जुने फोटो स्टुडिओवाले ज्याला हायपो म्हणायचे ते थायोसल्फेट, आणि ते आपल्या औषधाला मारतं! मी त्याचाही एक डबा आता मुद्दाम ठेवतो, पाण्यात विरघळवून झाडांवर सांडलेलं औषध निष्प्रभ करायला.

झाडांवरून आठवलं. अंगणातली तुळस. खिडकीचा डाग मालक विसरेल, तुळस जळली तर आजी विसरत नाही. आधी वृंदावन आणि आजूबाजूची झाडं भरपूर पाण्यानं भिजवायची, मध्ये एकदा, शेवटी पुन्हा. प्लास्टिक टाकून उन्हात तासभर झाकून ठेवलंत तर झाड उकडून मरतं, ते वेगळंच. विहीर असेल तर आधी उतार बघा.

आता जे मी हसत सांगणार नाही ते. फरशीवाल्यांचं ॲसिड आणि हायपो एका पंपात, एका बादलीत, एका दिवशीसुद्धा नको. दोन्ही भेटले की क्लोरीन वायू सुटतो. एका नावाजलेल्या मेस्त्रीनं मला कौलांसाठी "दोन्ही थोडं थोडं" सांगितलं होतं. त्याच्याकडे मी चार महिने उमेदवारी करणार होतो, त्या दिवशीच सोडलं. चिऱ्यावर आणि चुन्यावर तर ॲसिड नुसतंही नको, चुना विरघळतो. डोळ्यांना बंद गॉगल, हातात रबरी मोजे, तोंडाला आम्लवायू गाळणारी काडतुसं बसवलेला मास्क. रुमाल बांधून काही होत नाही. डोळ्यात गेलंच तर पंधरा मिनिटं पाण्याची धार, आणि मग दवाखाना.

देवस्थानची माणसं जुनं दगडी देऊळ धुवायला बोलावतील, पैसेही बरे देतील. मी जात नाही. हायपो वाळलं की मागं मीठ उरतं, ते दगडाच्या छिद्रात बसतं आणि पुढं पापुद्रे सोडवतं. बेळगावच्या किल्ल्यातल्या 1204 सालच्या कमल बस्तीसारख्या वास्तूंना हात लावण्याचा आपल्याला अधिकारही नाही आणि अक्कलही नाही.

व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांवर माझा राग नाही, मीही तसाच शिकलो. पण त्यात पंप नवाच असतो, तिसऱ्या महिन्यातला कुणी दाखवत नाही. शिकायचं असेल तर पंप दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात दोन शनिवार बसा, चहा तुम्ही पाजा. काय काय सडून येतं ते तिथं दिसतं.

संध्याकाळी काम संपलं की कितीही दमलात तरी पंपातून पाच मिनिटं साधं पाणी सोडा. पाइप, नोझल, सगळ्यातून. मग नोझल काढून, पंप कोरडा फिरवून, बॅटरीची वायर काढायची. माझा आत्ताचा पंप तिसऱ्या दिवाळीला आलाय, व्हॉल्व्ह एकदाच बदलले. पाइप गुंडाळायचं रीळ अजून घेतलेलं नाही, खांद्यावरच वाहतो. डावा खांदा त्यामुळे जरा खाली आलाय असं बायको म्हणते.