देव्हाऱ्यातले जुने ओतीव देव जमवायचे, तर आधी झीज वाचायला शिका

बाळकृष्ण, अन्नपूर्णा, टाक, नंदी असं दिसेल ते उचलू नका, नजर तयार होत नाही. एकच प्रकार धरा. मी घोड्यावरचे खंडोबा धरले.

खरेदीआधी पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दोन-तीन चकरा मारा. दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून जमवलेले दिवे, अडकित्ते, पाय घासायच्या वज्र्या तिथे आहेत. त्यांची नक्षी बघाच, पण वर्षानुवर्षांच्या वापराने कुठली जागा गुळगुळीत झाली आहे तेही बघा.

मग बाजार. पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, मुंबईत चोर बाजार आहे. पण खरी ओळख ठेवावी ती तांब्यापितळेची मोड घेणाऱ्याशी. वाटण्या झाल्या, गावचं घर बंद झालं, की देव त्याच्या तराजूत येतात. खिशात जवाहिऱ्याचं भिंग, टॉर्च आणि कापूस असू द्या.

आता ओळखण्याचं काम. इथेच मी पहिली दोन वर्षं सपशेल फसलो.

‘जड असेल तर जुना’ आणि ‘हिरवा गंज असेल तर शंभर वर्षांचा’ हे दोन सल्ले हमखास मिळतात. दोन्ही विसरा. वजनाचा वयाशी काही संबंध नाही. हिरवा गंज मीठ आणि व्हिनेगर लावून थोड्याच दिवसांत आणता येतो. शिवाय जरा विचार करा, पूजेतला देव चिंचेने, राखेने घासला जातो, त्याच्यावर हिरवा थर साचेल कसा? तो बंद पेटीत किंवा मातीत पडून राहिला असेल तर गोष्ट वेगळी. पण विकणारा ‘काल-परवापर्यंत पूजेत होता’ म्हणत असेल आणि मूर्ती सगळीकडून हिरवी असेल, तर तिथून उठा.

झीज खोटं बोलत नाही, मात्र ती कुठे आहे ते बघावं लागतं. देव घासताना हात आठवा. डाव्या मुठीत मूर्ती, उजव्या हाताचा अंगठा पुढून फिरतोय. अंगठा पोचतो तिथेच धातू झिजतो: देवाचं नाक, छाती, गुडघा, घोड्याचं तोंड. कपाळ गंध लावून लावून सपाट होतं. घोड्याच्या पोटाखाली, पायांच्या मध्ये, म्हाळसेच्या मानेमागे अंगठा जात नाही. तिथे ओतकामाचा खरबरीतपणा आणि छिन्नीच्या रेघा ताज्या दिसल्या पाहिजेत. बैठकीची कड ताम्हनात सरकून गोल झालेली असते, तळाचा खोलगट मधला भाग मात्र कोराच राहतो.

मी घेतलेला पहिला खंडोबा सगळीकडून सारखाच मऊ होता. नाकही मऊ आणि घोड्याची काखही मऊ. मला तो फार प्राचीन वाटला आणि मी सांगितली ती किंमत दिली. खरं तर जुन्या झिजलेल्या मूर्तीवरून साचा घेऊन केलेली ती नवी नक्कल होती. साच्यात मूळची झीज उतरते, पण खाचाखोचांतले बारकावे बुजतात. धातू थंड होताना आकसतो, म्हणून अशी नक्कल मूळ मूर्तीपेक्षा किंचित लहानही भरते. सँडपेपरने झिजवलेली मूर्ती भिंगाखाली लगेच कळते, कारण रेघा एकाच दिशेने जातात. रोजच्या घासण्याचे ओरखडे बारीक आणि चहूबाजूंनी असतात.

शेवटी खाचांतला मळ बघा. भंडारा, कुंकू, तेल यांचा खरा थर दगडासारखा घट्ट असतो. ओला कापूस फिरवला आणि सगळा काळा रंग कापसावर आला, तर तो बूटपॉलिशसारखा काहीतरी लेप आहे.

घरी आणल्यावर चिंच-लिंबू लावू नका. खाचेतला भंडारा हाच त्या मूर्तीचा इतिहास, तो मी एकदा एका दुपारीत धुऊन टाकला आहे आणि अजून चुटपुट लागते. कोरडं कापड पुरे. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल, तर तो चिघळणारा गंज आहे. ती मूर्ती वेगळी काढा, कोरडी ठेवा आणि संग्रहालयातल्या जतन करणाऱ्या जाणकाराला दाखवा.

देवळातून निघालेली वाटेल अशी मूर्ती कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. शंभर वर्षांहून जुनी धातूची मूर्ती १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते. तिची नोंद भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे करावी लागते आणि ती खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. परदेशात राहणाऱ्यांनी सामानात टाकण्याचा विचारही करू नये.

आणि घेतानाच विचारा: कुठल्या गावचा, कुणाचं कुलदैवत, घरातल्या कुणी पूजा केली. जे कळेल ते चिठ्ठीवर लिहून मूर्तीजवळ ठेवा. मोडवाल्याला हे फक्त त्याच दिवशी आठवत असतं.