बदल आधी लिहून घ्या, मग कोडला हात लावा

सोलापुरातील चादर-टॉवेलच्या व्यापाऱ्यांसाठी संकेतस्थळे तयार करताना माझा सर्वाधिक वेळ कोड लिहिण्यात नव्हे, तर फोनवर तोंडी सांगितलेल्या बदलांत जात असे. म्हणून आता फोन ठेवताच मी ‘टॉवेलच्या पानावर जीएसएमचा रकाना वाढवणे, ३ तास, शुल्क वेगळे’ (जीएसएम म्हणजे कापडाचे दर चौरस मीटरला ग्रॅममधील वजन) असा संदेश व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि ग्राहकाचा होकार लेखी आल्याखेरीज गिटमध्ये, म्हणजे कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत, नवी ब्रँच (त्या बदलासाठी कोडची वेगळी शाखा) उघडत नाही. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, मात्र पहिल्याच दिवशी ग्राहकाच्या नावाने आणि त्याच्याच ईमेलवर नोंदवावे. ते आपल्या नावावर अडकवून ठेवणे मला योग्य वाटत नाही. मकरसंक्रांतीच्या सुमारास सोलापूरच्या गड्डा यात्रेत सगळे गाव गुंतलेले असते, त्यामुळे उत्पादनांची छायाचित्रे आणि दरपत्रके डिसेंबरातच मागून घ्यावीत.