तंबोरा लावून इअरबड्स निवडायचे

मी मिरजेत गाणं शिकवते. निम्मे विद्यार्थी समोर सतरंजीवर, निम्मे फोनवर. कुणी पुण्यात, कुणी दुबईत. इअरबड्स घ्यायची वेळ आली की त्यांचे आईवडील दोन लिंका पाठवतात आणि खाली एकच ओळ: "ताई, ह्यातलं कुठलं?" मॉडेलं वर्षभरात बदलतात, म्हणून नावं सांगायच्या फंदात मी पडत नाही. दोन जोड्या शेजारी ठेवून निवड कशी करायची, तेवढं सांगते. समजा, एक काळी जोडी आहे 1,799 रुपयांची आणि एक पांढरी 3,499 ची.

माझं मत आधीच सांगून टाकते. खोक्यावरचे आकडे एखादी जोडी बाद करायला वापरावेत. निवड मात्र कानानं करायची, आणि तीही आपल्याला पाठ असलेल्या आवाजावर.

आता ते आकडे. "20 ते 20,000 हर्ट्‌झ" हे दोन्ही खोक्यांवर असणारच. माणसाच्या कानाची ती ढोबळ मर्यादा आहे. मधला कुठला भाग फुगवलाय आणि कुठला दाबलाय, हे त्यात कुठंच नसतं. ड्रायव्हर, म्हणजे आतला इवला स्पीकर, 10 मिलिमीटरचा की 13 चा, यावरूनही गोडी कळत नाही. ब्लूटूथ 5.3 की 5.4 याचा आवाजाच्या दर्जाशी थेट संबंध नाही. कोडेक, म्हणजे आवाज दाबून ब्लूटूथवरून पाठवायची पद्धत, मात्र बघा. एसबीसी सगळ्यांत असतं, एएसी बहुतेकांत. सोनीचं एलडॅक सेकंदाला 990 किलोबिटपर्यंत जातं, पण आयफोनला ते चालत नाही. म्हणजे घरात आयफोन असेल तर एलडॅकसाठी मोजलेले जादा पैसे पाण्यात.

बॅटरीचा मोठ्या अक्षरातला आकडा डबीसकट धरलेला असतो: डबीत ठेवून पुन्हा पुन्हा भरून एकूण किती. आपल्याला हवा असतो तो बारीक अक्षरातला: नॉइज कॅन्सलेशन (बाहेरचा गोंगाट कापणारी सोय) चालू ठेवून, एका चार्जमध्ये किती तास. काळी जोडी 50 म्हणत असेल आणि एका दमात 5 चालत असेल, पांढरी 36 म्हणत असेल पण एका दमात 7, तर पुण्याच्या प्रवासाला पांढरी बरी. बाकी खोकं मिटून ठेवा.

दुकानात गेलं की विक्रेता लगेच धडधडीत काहीतरी लावतो. बेसनं कान हलले की गिऱ्हाईक खूश. मी त्याला थांबवते आणि फोनवर तंबोरा लावते. तो पोरगा माझ्याकडं बघतच राहतो. आता मिरजेची बाई तंबोराच लावणार, म्हणाल तुम्ही. आमच्याकडं सतारमेकर गल्ली आहे, इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण कारण वेगळं आहे. इअरबड्सना तंबोऱ्याइतकं उघडं पाडणारा दुसरा आवाज मला तरी माहीत नाही.

चार तारा: पंचम, दोन जोडीच्या (मधल्या षड्जाच्या) आणि खर्ज (खालचा षड्ज). पेटीवरच्या काळी एक या सुराला लावलेला तंबोरा असेल तर जोडीच्या तारा साधारण 139 हर्ट्‌झवर बोलतात आणि खर्ज त्याच्या निम्म्यावर, 69 च्या आसपास. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी, म्हणजे तारेचा झंकार, नेमकी लागली की एकाच तारेतून वरचे स्वर सुटायला लागतात. खर्जातून तर कुणी न छेडलेला गंधार ऐकू येतो. तो 69 च्या पाचपट, म्हणजे साडेतीनशेच्या थोडा अलीकडं. खालची घुमक, मधला गंधार आणि वरची जवारीची झळाळी, सगळं एकाच संथ आवाजात. डोळे मिटायचे आणि गंधार शोधायचा. खर्ज घुमतोय पण गंधार त्याखाली बुडालाय, तर त्या जोडीनं बेस फुगवलाय. तारा पातळ, टोचऱ्या लागतात, तर वरचा भाग चढवलाय. स्वस्त जोड्यांत पहिला प्रकार फार.

त्यानंतर तबला. डग्ग्यावर हात घासून नेला की स्वर वर चढतो, तो चढ ऐकू यावा. नुसता "धब" नको. मग पेटीसोबतचं एखादं गाणं, त्यात "श" आणि "स" कानाला चिरतात का ते बघायचं. गाण्यातलं काही कळत नाही म्हणणाऱ्यांनी आपल्या आवडीचा अभंग लावावा. टाळांचा किणकिणाट स्वच्छ सुटा येतो की चुरचुरतो, हे न शिकलेल्या कानालाही समजतं. मात्र ऐकायचं ते शंभरदा ऐकलेलंच. नव्या गाण्यात गाणं आवडलं की इअरबड्स आवडले, तेच उमगत नाही.

हे सगळं करताना एक सापळा आहे. जरा मोठा वाजणारा आवाज आपल्याला नेहमीच अधिक चांगला वाटतो. फरक एवढासा असला तरी "मोठा" न वाटता "खुला" वाटतो. म्हणून दोन्ही जोड्या सारख्या आवाजावर आणल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही. माझी युक्ती अशी: दोन फोन घ्यायचे, दोन्हींवर एकच तंबोरा, एकेका फोनला एकेक जोडी. काळ्यातला एक उजव्या कानात, पांढऱ्यातला एक डाव्या कानात. दोन्हीकडं सारखं वाटेपर्यंत आवाज कमीजास्त करायचा, मग कान बदलून पुन्हा बघायचं, कारण आपले दोन कान सारखे असतातच असं नाही. फोनवरच्या त्या खुणा लक्षात ठेवून मग एकेक जोडी पूर्ण घालून ऐकायची. दोन्हींच्या ॲपमधलं बेस बूस्ट वगैरे बंद. नॉइज कॅन्सलेशन चालू-बंद केलं की बऱ्याच जोड्यांचा आवाज बदलतो, म्हणून चालूची तुलना चालूशी, बंदची बंदशी.

पण थांबा. याच्याही आधी रबरी टिप्स. खोक्यात लहान, मध्यम, मोठ्या अशा तीन जोड्या येतात आणि बहुतेक लोक मधली लावलेली तशीच ठेवतात. टिप कानात नीट बसली नाही की खालचा आवाज गळून जातो आणि चांगली जोडीही फुसकी वाटते. दोन कानांना दोन मापं लागली तरी बिनधास्त लावा. बसली की नाही हे बघायला मूठभर भडंग खायचं. जबडा हलला की कानाची नळीही हलते. भडंग संपेपर्यंत आवाज तसाच राहिला तर टिप बरोबर. टिप्स नसलेले, अर्धे आत अर्धे बाहेर राहणारे इअरबड्स कानाला हलके लागतात खरे, पण बाहेरचा गोंगाट अडवत नाहीत. एसटीत त्यांचा उपयोग शून्य.

आता माईक. ऑनलाइन शिकणाऱ्यांनी हे नीट वाचावं, कारण सगळ्यात जास्त तक्रारी इथल्या असतात: "ताई, गाणी छान वाजतात, पण क्लासला बसलं की तुमचा आवाज डब्यातून येतो." यात इअरबड्स बिघडलेले नसतात. नेहमीच्या ब्लूटूथवर गाणं ऐकताना आवाज एकाच दिशेनं येतो, दोन्ही कानांत वेगवेगळा, भरपूर माहितीसकट. माईक सुरू झाला की जोडी कॉलच्या पद्धतीवर उतरते. मग दोन्ही कानांत एकच आवाज, आणि सहसा सेकंदाला फार तर आवाजाचे 16,000 नमुने. म्हणजे 8,000 हर्ट्‌झच्या वरचं सगळं कापलं जातं. 1,799 च्या जोडीत हे होतं, 3,499 च्याही जोडीत होतं. एलई ऑडिओ नावाच्या नव्या पद्धतीत ही अडचण कमी होते, पण ती फोन आणि इअरबड्स दोघांतही लागते.

दुसरी गंमत आवाज साफ करणाऱ्या प्रणालीची. तिला सतत एकसारखा येणारा आवाज म्हणजे पंखा वाटतो. तंबोरा तर एकसारखाच असतो! विद्यार्थ्यानं शेजारी तंबोरा लावला की माझ्यापर्यंत तो पोचतच नाही, आणि त्यानं लांब षड्ज लावला की तोही मध्येच गिळला जातो. झूमवर "ओरिजिनल साउंड" सुरू केलं की झूमची गाळणी तेवढी बंद होते. इअरबड्सच्या आत बसवलेली गाळणी प्रत्येक वेळी बंद करता येत नाही. म्हणून क्लासपुरतं माझं उत्तर काळीही नाही आणि पांढरीही नाही. साधे वायरचे इअरफोन. लॅपटॉप असेल तर आवाज इअरबड्समध्ये ऐका, पण सेटिंगमध्ये माईक लॅपटॉपचा निवडा. मग ऐकू येणारा आवाज सहसा उतरत नाही.

गाताना आणखी एक. दोन्ही कान बंद करून गायलं की आपलाच आवाज डोक्यात घुमतो आणि माणूस दबकून गातो. रियाजाला एक कान मोकळा ठेवा, किंवा बाहेरचं ऐकू देणारा ट्रान्सपरन्सी मोड दोन्हींपैकी कशात जास्त नैसर्गिक वाटतो ते बघा.

गाण्याशी संबंध नसेल, नुसते फोनच करायचे असतील, तर माईकची तुलना सोपी आहे. गोंगाटाच्या एकाच जागी उभं राहून दोन्ही जोड्यांतून एकाच माणसाला फोन लावायचा आणि तोच मजकूर वाचून दाखवायचा. फोनच्या रेकॉर्डरवर तपासू नका, खरा कॉल करा. माझी भाची सांगलीत वालचंदला इंजिनिअरिंग शिकते. मी मिरज स्टँडवरून तिला दोन्हींतून फोन केले. ती म्हणाली, "मावशी, काळ्यात तू विहिरीतून बोलतीस. पांढऱ्यात कंडक्टर पण ऐकू येतोय, पण तू कळतीस." माझ्या मते कळणं महत्त्वाचं. खोक्यावर माईक चार लिहिलेत की सहा, त्यावरून हे समजलं नसतं.

नॉइज कॅन्सलेशनचं थोडक्यात. खोक्यावर "45 डेसिबलपर्यंत" असतं त्यातलं "पर्यंत" वाचा. तो ठरावीक पट्ट्यातला सर्वांत चांगला आकडा असतो. गाडीची खालची, एकसुरी घरघर हे तंत्र छान कापतं. कोयना एक्स्प्रेसमध्ये बसून पुण्याला जाताना फरक लगेच जाणवतो. चहावाल्याची हाक, पलीकडच्या बाळाचं रडणं मात्र बरंचसं येतंच, आणि ते दोन्ही जोड्यांत येतं. घरी तपासायचं तर पंखा आणि पाण्याची मोटर पुरे. याचा खरा फायदा वेगळाच आहे: बाहेरचं कमी झालं की आवाज वाढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं मोठ्या माणसाला 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास चालतो, मुलांना तेवढेच तास 75. आवाज वाढला की तास झपाट्यानं घटतात. पोरांसाठी घेताना ॲपमध्ये आवाजाला मर्यादा घालता येते का, हे मी पहिल्यांदा बघते. आणि दुचाकीवर कानात काही नको, एवढं मात्र बजावून सांगते.

पाण्याबद्दल: आयपीएक्स4 म्हणजे कुठूनही उडालेले शिंतोडे चालतील, आयपीएक्स5 म्हणजे पाण्याची हलकी धारही. मधला "एक्स" म्हणजे धुळीची परीक्षा घेतलेलीच नाही. हे आकडे सहसा इअरबड्सचे असतात, डबीचे नाहीत. घामानं ओले इअरबड्स पुसल्याशिवाय डबीत टाकू नका.

किंमत बघताना खोडलेली एमआरपी डोळ्याआड करा. दोन्ही जोड्यांची एक वर्षाची वॉरंटी असेल, पण काळीच्या कंपनीच्या साइटवर मिरजेचा पिनकोड 416410 टाका, मग सांगलीचा 416416 टाका. मिरज-सांगलीत सेंटर आहे का, की पार्सल करावं लागतं? एकच बड हरवला तर सुटा मिळतो का, आणि कितीला? आतली बॅटरी इवलीशी आणि सहसा बदलता न येणारी. दोन-तीन वर्षांत ती उतरतेच, म्हणून दुप्पट पैसे देताना जोडी दुप्पट वर्षं टिकेल असं धरू नका. खोक्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) "आर" नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये घालून बघता येतो. क्रमांकच नसेल तर ती जोडी तिथंच ठेवून या.

ऑनलाइन घेत असाल तर "रिटर्न" लिहिलंय की "फक्त रिप्लेसमेंट", हे पैसे भरायच्या आधी वाचा. आवाज आवडला नाही म्हणून रिप्लेसमेंट मागितली तर तीच जोडी पुन्हा येणार. खोकं उघडताना व्हिडिओ काढा, आणि तंबोरा, टाळ, भडंग, कॉल हे सगळं मुदत संपायच्या आत उरका. विक्रेता दाद देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915.

भाचीनं शेवटी सांगलीत हरभट रोडवरच्या दुकानातून पांढरी घेतली. ऑनलाइन भाव फोनवर दाखवल्यावर दुकानदार शे-दीडशे वर अडून बसला होता. सॅनिटायझरनं पुसून दोन्ही जोड्या तासभर ऐकू दिल्या, त्याचे तेवढे जादा आम्ही दिले. जीएसटीचं बिल तिच्या नावावर घेतलं. दुबईच्या पोराच्या आईला मात्र मी वायरचेच सांगितलेत.