हेमिस्फेरोटॉमीनंतर पोर घरी यायच्या आधी काय काय करून ठेवायचं

हेमिस्फेरोटॉमी म्हणजे औषधांनी न थांबणाऱ्या फिट्ससाठी मेंदूची एक बाजू दुसरीपासून वेगळी करायचं ऑपरेशन. त्याची तारीख मिळाली की सगळे पैसे आणि रक्ताच्या मागे लागतात, ते करायलाच हवं, पण घराकडे कुणाचं लक्ष जात नाही आणि डिस्चार्जच्या दिवशी तारांबळ उडते, म्हणून हे आधीच उरकून घ्या.

सगळ्यात आधी सर्जनना स्पष्ट विचारा कुठल्या बाजूला काय होणार. मेंदूची डावी बाजू वेगळी केली तर उजवा हात-पाय कमजोर होतो आणि दोन्ही डोळ्यांना उजवीकडचं दिसत नाही. चालणं बहुतेक मुलांचं परत येतं, खांदा-कोपरही बऱ्यापैकी हलतं, पण बोटांची बारीक कामं, म्हणजे चिमटीत शेंगदाणा धरणं, शर्टाचं बटण लावणं, हे त्या हाताला सहसा परत जमत नाही. हे आजी-आजोबांनाही आधीच सांगा, नाहीतर रोज "हात कधी सुधारणार" विचारून पोराला रडवतात.

बाथरूममध्ये रबरी मॅट, बसायला स्टूल आणि धरायला दांडा, तो चांगल्या हाताच्या बाजूला. पुढून बटणं असलेले सैल शर्ट घ्या, घालताना कमजोर हात आधी, काढताना तो शेवटी. त्या हाताला धरून पोराला कधीच ओढायचं नाही, खांदा सैल झालेला असतो, रिक्षात चढवताना तर हमखास सगळे हातच ओढतात! पायाला एएफओ (घोटा आणि पाऊल नीट धरून ठेवणारा साचा) मिळाला तर आत लांब सुती मोजा हवा, चुणी न पडता, आणि काढल्यावर लाल डाग अर्ध्या तासातही गेला नाही तर तो बनवणाऱ्याला दाखवा. बूट एक साइज मोठे, वेल्क्रोचे.

फिजिओ आणि ओटी (रोजची कामं करायला शिकवणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट) घराजवळच बघा, प्लीज. घोडबंदरला राहून रोज परळला न्यायचं ठरवाल तर पोर ट्रॅफिकमध्येच दमेल आणि थेरपीला झोपेल. खरा व्यायाम घरीच होतो, कणकेचा गोळा मळणं, मटार सोलणं, कमजोर हाताने वाटी धरून चांगल्या हाताने खाणं. चांगला हात थोडा वेळ मोज्यात बांधून दुसऱ्याला कामाला लावायची थेरपीही असते पण ती ओटीला विचारूनच करा.

फिट्सच्या गोळ्या पुरेशा भरून ठेवा, ऑपरेशन झालं म्हणून आपल्या मनाने एकही बंद करायची नाही. आणि उलट्या, डोकेदुखी, सुस्ती दिसली तर थांबू नका, कधीकधी मेंदूत पाणी साठतं आणि ते काही महिन्यांनीही होऊ शकतं. रात्री कुठल्या कॅज्युअल्टीत जायचं ते आजच ठरवून घ्या.

यूडीआयडी कार्डासाठी (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) डिस्चार्ज समरीच्या कॉप्या काढून ठेवा. शाळेत बाईंना सांगा, उजवीकडचं दिसत नसेल तर वर्गात उजव्या टोकाला बसवा म्हणजे फळा आणि मुलं सगळी डावीकडे येतात.