रोहिणी निघायच्या आत: बेळगावात नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी

बेळगावात भाड्याचं घर बघायला आलेली माणसं दोन गोष्टी हमखास विचारतात. नळाला पाणी किती दिवसांनी येतं, आणि जवळची मराठी शाळा कुठली. तिसरी गोष्ट कुणी विचारत नाही, म्हणून मी आपणहून सांगते. तुमच्या घरात साठी ओलांडलेलं माणूस असेल, पाच वर्षांच्या आतलं मूल असेल, गरोदर बाई असेल किंवा शुगर, दमा, हृदय, किडनी यांपैकी कशाचा पेशंट असेल, तर मे महिना संपायच्या आत त्यांना फ्लूची लस टोचून घ्या. गॅसचं कनेक्शन बदलण्याच्या कामांबरोबर हेही काम यादीत लिहा.

आम्ही २००२ साली मंगळवेढ्याहून इथे आलो. यजमानांना उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत नोकरी लागली. आमच्या गावाकडे पावसाची वाट बघायची सवय. एक सर आली की अंगणात उभं राहून भिजायचं, आणि तासाभरात ऊन पडलं की सगळं कोरडं. इथला पाऊस तसा नाही. जूनच्या मध्याला जी झड लागते ती ऑगस्ट उलटला तरी पाठ सोडत नाही. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे राहायला जाणार असाल तर त्याहून जास्त. चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत, लाकडी दारं फुगतात, भिंतींना ओल येते. मग खिडक्या बंद, दारं बंद, आणि सगळं घर एकाच खोलीत. फ्लू पसरायला अशीच जागा लागते. एकाच्या खोकल्यातून उडालेलं दुसऱ्याच्या श्वासात जातं, आणि बंद खोलीतली हवा बदलत नाही.

टीव्हीवर फ्लू म्हणजे थंडीतलं दुखणं असं दाखवतात. ते युरोप-अमेरिकेचं. आपल्या देशात फ्लूच्या दोन लाटा येतात, एक पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, आणि दुसरी जानेवारी ते मार्च. काश्मीरकडे हिवाळ्यातली मोठी असते, आपल्या भागात पावसाळ्यातली. हिवाळ्यानंतरचीही हलकी समजू नका. मार्च २०२३ मध्ये फ्लूच्या एच३एन२ या प्रकाराने आपल्याच राज्यात, कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यात, एका ८२ वर्षांच्या आजोबांचा बळी गेल्याची बातमी आली होती. पण मुख्य धोका पावसाचा, म्हणून लस पावसाआधी.

टोचल्यावर अंगात ताकद तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. खानापूर-चंदगडकडचे शेतकरी भाताची धूळवाफ पेरणी रोहिणीत उरकतात, मृगाची वाट बघत बसत नाहीत. रोहिणी नक्षत्र लागतं २५ मेच्या सुमाराला. ही लस त्याच्याही आत घ्यावी. त्या वेळी दक्षिण गोलार्धाच्या हंगामाची नवी लस दवाखान्यांत येऊ लागलेली असते. फ्लूचा विषाणू दर वर्षी थोडा रूप पालटतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, लशीत कोणते प्रकार घालायचे ते जाहीर करते. कुठल्या हंगामाची लस आहे ते खोक्यावर छापलेलं असतं. ते वाचा, मुदतीची तारीखही वाचा. गेल्या वर्षी घेतली होती म्हणून यंदा चुकवू नका. आणि मे हुकला तरी जुलैत घ्या, ऑगस्टमध्ये घ्या. उशिरा घेतलेलीही उपयोगाला येते.

आता मनाची तयारी करायची ती वेगळ्याच गोष्टीसाठी. तुम्ही शेजारी विचाराल, तर कुणीच घेतलेली नसेल. "कशाला वो ते इंजेक्शन? दोन दिवसांत जातंय की ताप," असं ऐकायला मिळेल. सांगणारी माणसं मायेची असतात. तुमच्याकडे आजारी पडलं तर पेज घेऊन हीच दारात उभी राहतात. त्यांचं ऐकून लस मात्र टाळू नका.

इथे या दुखण्याला नीट नावच नाही, हे मला फार दिवसांनी लक्षात आलं. पावसाळी ताप, हवापालट, साथीचा ताप, आणि आता सगळ्यांत सोयीचा शब्द म्हणजे व्हायरल. त्या एका शब्दात साधी सर्दीही येते, डेंग्यूही येतो, चिकुनगुन्याही येतो आणि फ्लूही. ज्याला वेगळं नाव नाही त्याच्यासाठी वेगळी लस असते, हे लोकांच्या मनात यायचं कुठून? पोलिओला बूथवर रांग लावणारी, कोरोनात पहाटे जाऊन टोकन घेणारी हीच माणसं आहेत. लशीला त्यांचा विरोध नाही. पण पोलिओला आशाताई दारी येतात, कोरोनाची लस फुकट होती आणि भीती घराघरांत होती. फ्लूची लस सरकारी मोफत लसीकरणात नाही, डॉक्टर बहुधा आपणहून तिचा विषय काढत नाहीत, आणि खाजगीत एका माणसाला साधारण दीड-दोन हजार रुपये पडतात. फौंड्रीत रोजावर जाणाऱ्या माणसाने ते पाच जणांसाठी कुठून आणायचे? लोक बेफिकीर आहेत असं मी म्हणणार नाही. त्यांच्यापर्यंत ती पोचवलेलीच नाही.

देशभर हेच चित्र आहे. २०१७-१८ मध्ये ज्येष्ठांच्या आरोग्याची जी मोठी पाहणी झाली, तिच्यात साठीपुढच्या माणसांत फ्लूची लस घेतलेले सुमारे दीड टक्का निघाले. म्हणजे शंभरांत दोघेसुद्धा नाहीत. जागतिक आरोग्य सभेने २००३ साली ठरवलं होतं की २०१० पर्यंत म्हाताऱ्या माणसांपैकी ७५ टक्क्यांना ही लस मिळावी. त्या दीड टक्क्यात आमचं घर नव्हतं, हे मला जन्मभर सलत राहील.

सासरे २००८ मध्ये आमच्याकडे राहायला आले. निवृत्त मास्तर, शुगर होती पण पथ्याचे पक्के. रोज पहाटे टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोत फिरायला जायचे. तुम्हीही जाल, बेळगावात सकाळी पाय मोकळे करायला इतकी झाडांची जागा दुसरी नाही. त्या जागेला हे नाव का, ते त्यांनीच मला सांगितलं. इंग्रजांच्या काळात तिथे देवीची लस तयार व्हायची. वासरांच्या अंगावर ती वाढवायचे आणि इथून मुंबई इलाख्यात गावोगाव जायची. मास्तरांच्या स्वतःच्या दंडावर देवी काढल्याचे दोन गोल व्रण होते. नातवाला ते दाखवून सांगायचे, "हे आहेत म्हणून मी आहे." १९७७ साली आपला देश देवीमुक्त जाहीर झाला, हेही त्यांना पाठ होतं.

२०१५ च्या जुलैत त्यांना ताप आला. त्या वर्षी देशभर स्वाइन फ्लूची मोठी साथ होती, पण आमच्या घरी कुणाच्या मनात ते आलं नाही. जवळच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, फ्लूच्या विषाणूवर नाही, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. पाचव्या दिवशी ते बोलता बोलता थांबायला लागले, एक वाक्य एका दमात पुरं होईना. न्यूमोनिया झाला होता. नऊ दिवस आयसीयूत होते. वाचले, घरी आले, पण पुन्हा व्हॅक्सिन डेपोपर्यंत चालत गेले नाहीत. दारातल्या खुर्चीवर बसून रस्ता बघायचे. तीन वर्षं असं बसून काढलं आणि गेले. ज्या माणसाने लशीचं मोल उभ्या आयुष्यात पोरांना शिकवलं, त्याला अशी एक लस मिळते हे आम्ही कुणी सांगितलं नाही, कारण आम्हालाच कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून मी तुम्हाला सांगते आहे.

लस मिळवायची कशी, तर आधी फोन करा. पुष्कळ दवाखाने ती साठवून ठेवत नाहीत, मागणी असेल तर मागवतात. सगळ्यांत खात्रीची जागा बालरोगतज्ज्ञांची, मोठ्यांसाठीही तिथेच चौकशी केलेली बरी. मोठ्या खाजगी रुग्णालयांतही असते. निपाणी, चिकोडी, खानापूर अशा ठिकाणी राहत असाल तर दोन-तीन दिवस आधी सांगून ठेवा. बेळगावहून लस विकत घेऊन बसमधून पिशवीत नेऊ नका. ती २ ते ८ अंश तापमानात राहावी लागते, आणि गोठली तरी वाया जाते. जिथे टोचणार तिथल्याच फ्रिजमधली हवी.

भाषेची धास्ती बाळगू नका. पाट्या कानडीत असतात, लिपी वेगळी दिसते म्हणून नवा माणूस बिचकतो. पण कुणाकडून वाचून घ्या, 'प्राथमिक आरोग्य केंद्र' हे शब्द तिथेही तेच असतात. लस म्हणजे लसिके, ताप म्हणजे ज्वर, सर्दी म्हणजे नेगडी, खोकला म्हणजे केम्मु. "फ्लू लसिके ऐतेन्री?" एवढं विचारलं की काउंटरवरची सिस्टर हसून निम्म्या मराठीत उत्तर देते. मी पहिली दोन वर्षं गप्प राहून कामं अडवून घेतली, तुम्ही तसं करू नका.

लहान मुलांच्या बाबतीत एक घोटाळा नेहमी होतो. बाळाच्या लसीकरण कार्डावर पेंटाव्हॅलंटच्या रकान्यात 'हिमोफिलस इन्फ्लुएंझा' असं लिहिलेलं दिसतं आणि आईबापांना वाटतं, फ्लूची झाली. ती फ्लूची नव्हे. ते एका जिवाणूचं नाव आहे, मेंदूज्वर आणि न्यूमोनिया करणाऱ्या. ती हवीच, पण फ्लूची वेगळी घ्यावी लागते, सहा महिने पूर्ण झाल्यावर. पहिल्यांदा घेणाऱ्या लहान मुलांना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, म्हणून मुलांसाठी एप्रिलमध्येच सुरुवात करा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देता येत नाही. त्याला वाचवायचं तर आईने गरोदरपणात घ्यायची, आणि घरातल्या बाकीच्यांनीही.

टोचल्यावर दंड दुखतो, कुणाला एखादा दिवस कणकण येते. नेहमीच्या टोचायच्या लशीत विषाणू मेलेला असतो, तिच्यामुळे फ्लू होत नाही. आधी कधी लशीने किंवा अंड्याने जोराची अ‍ॅलर्जी झाली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो. विषाणूशी लशीचं नीट जुळलं त्या वर्षी ती साधारण ४० ते ६० टक्के आजार टाळते. पण झालाच तर दवाखान्यात भरती व्हायची पाळी कमी येते, आणि मला मास्तरांसाठी तेवढंच हवं होतं.

पावसाळ्यात ताप आला आणि माणूस म्हातारं, गरोदर किंवा शुगरचं असेल, तर 'बघू दोन दिवस' म्हणू नका. फ्लूवरचं औषध ४८ तासांच्या आत सुरू झालं तर जास्त गुण देतं, आणि ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतं. डेंग्यूही याच दिवसांत असतो, तेव्हा तपासणीचं स्वतः विचारा. धाप लागली, ओठ निळसर दिसले, म्हातारं माणूस असंबद्ध बोलू लागलं, मूल प्यायचं सोडून मलूल पडलं, की रात्र असली तरी थेट मोठं रुग्णालय गाठा.

आषाढी वारीला इथून पुष्कळ जण पायी जातात. तुमच्यातले कुणी जाणार असतील तर त्यांची लस पहिल्यांदा. गणपतीला पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात, तेही नेमके साथ भरात असताना, म्हणून घरातल्या म्हाताऱ्यांचं झालंय ना ते तोवर पाहून घ्या.

आमच्या गल्लीत आता सहा घरं घेतात. सगळ्यांची मिळून एकदम मागणी दिली की डॉक्टर थोडी किंमतही उतरवतात. सासूबाईंना मी मे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी घेऊन जाते. रिक्षात आणखी दोघांची जागा असते. टिळकवाडीच्या बाजूला राहायला आलात तर आदल्या दिवशी सांगा, तुमच्या आईंना घ्यायला दारात थांबते.