जुन्या सदनिकेच्या व्यवहारात एजंट घ्यावा का?

पुण्या-मुंबईत जुनी सदनिका घेताना वा विकताना एजंट दोन्ही बाजूंकडून साधारण एक ते दोन टक्के दलाली घेतो. 80 लाखांच्या सदनिकेवर दोन टक्के म्हणजे 1,60,000 रुपये. एवढी रक्कम देण्यापूर्वी आपल्याला त्याच्याकडून नेमके कोणते काम हवे आहे, हे ठरवावे. गिऱ्हाईक शोधणे, घर दाखवणे आणि भावाची बोलणी पुढे नेणे ही त्याची खरी कामे होत. त्यामुळे विकणारा परगावी किंवा परदेशी राहत असेल, तर दलाली देणे योग्यच ठरते. उलट, त्याच सोसायटीतला शेजारी घर घ्यायला तयार असेल, तर एजंटाची गरज उरत नाही. करारनाम्यासाठी चांगला वकील पुरेसा होतो.

भावाचा अंदाज मात्र स्वतःच घ्यावा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये गाव आणि मिळकत क्रमांक भरल्यास त्या इमारतीतील नोंदलेल्या व्यवहारांची सूची क्रमांक दोन, म्हणजेच इंडेक्स टू, पाहता येते. तिच्यात मोबदला, बाजारभाव आणि क्षेत्रफळ दिलेले असते. मोबदल्याला क्षेत्रफळाने भागून दर काढावा. मात्र क्षेत्रफळ कारपेट (भिंतींच्या आतले) आहे की बिल्टअप (भिंती धरून), हे आधी पाहावे, कारण बहुतेकांची गफलत तिथेच होते. हा आकडा हाताशी असला की एजंटाने सांगितलेला भाव पारखता येतो.

एजंट नेमायचा ठरल्यास महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर त्याचा नोंदणी क्रमांक तपासावा. 2016 च्या रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीसाठी एजंटाची नोंदणी सक्तीची आहे. जुन्या इमारतींच्या पुनर्विक्रीला हे बंधन सहसा लागू होत नाही, तरीही नोंदणी असलेलाच एजंट मी निवडेन. नव्या प्रकल्पात त्याचे कमिशन बहुधा बिल्डर देतो. म्हणून तिथे तो कोणाच्या हिताने बोलत आहे, याचे भान ठेवावे.

दलालीचा टक्का, त्यावरील जीएसटी आणि पैसे केव्हा द्यायचे, हे आधीच लिहून घ्यावे. साठेकरार (खरेदीखतापूर्वीचा विक्रीचा करार) नोंदवल्यावर अर्धी आणि ताबा मिळाल्यावर उरलेली, अशी विभागणी मला रास्त वाटते. टोकनची, म्हणजे विसाराची, रक्कम एजंटाच्या हाती कधीही देऊ नये. ती विकणाऱ्याच्या नावे धनादेशाने द्यावी आणि व्यवहार फिसकटल्यास ती परत मिळण्याची अट विसारपावतीत घालावी.

भाग दाखला (सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट), भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्याची पालिकेची परवानगी), पूर्वीच्या करारांची साखळी, बँकेचा बोजा आणि सोसायटीची थकबाकी यांची छाननी आपण नेमलेल्या वकिलाकडूनच करून घ्यावी. व्यवहार पार पडला तरच एजंटाला दलाली मिळते, म्हणून कागदांतली त्रुटी दाखवण्याचे काम त्याच्यावर सोपवू नये. 50 लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या व्यवहारात खरेदीदाराने एक टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. विकणारा अनिवासी भारतीय असल्यास हा दर बराच जास्त असतो, म्हणून टोकन देण्यापूर्वीच सनदी लेखापालाला विचारावे.